माइक चांगला घेतला, तरी आवाज घरचाच का येतो?

रेकॉर्डिंगच्या नादाला लागलेला माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: माइक कोणता घेऊ? मी त्याला उलट विचारतो, गाणार कुठल्या खोलीत? पुष्कळांना वाटतं, मी उत्तर टाळतोय. पण घरच्या आणि स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये आज जो फरक उरलाय, त्याचा मोठा हिस्सा याच प्रश्नात आहे. यंत्रांमधलं अंतर गेल्या चाळीसएक वर्षांत जवळपास मिटलं. खोल्यांमधलं तसंच आहे. ते का, हे एकदा नीट समजलं की पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे आणि कुठलं काम सरळ स्टुडिओत न्यायचं, हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

आधी यंत्रांबद्दल थोडक्यात. लंडनच्या ॲबी रोडवरचा, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ १९३१ साली सुरू झाला, तेव्हा गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं. चूक झाली की तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून. असली यंत्रं घरात ठेवायचा विचारही कुणी करत नसे. पुढे टेप आली, एकावर एक ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे भरलेले आवाज, चढवायची सोय आली, तरी मामला स्टुडिओपुरताच राहिला. १९७९ मध्ये टास्कॅम या कंपनीने पोर्टास्टुडिओ आणला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरणारं, टेबलावर मावणारं हे यंत्र. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी त्यावर घरच्या खोलीत, दोन साध्या माइकवर काही गाणी कच्ची म्हणून भरली. नंतर ती बँडला घेऊन स्टुडिओत करून पाहिली, पण कॅसेटवर जे होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम म्हणून बाहेर आली. अलीकडचं उदाहरण गायिका बिली आयलिशच्या २०१९ च्या पहिल्या अल्बमचं. तो मुख्यतः भावाच्या बेडरूममध्ये भरला गेला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरला.

ही दोन्ही उदाहरणं लोक ‘आता स्टुडिओची गरज काय’ असं म्हणायला वापरतात. मला त्यात वेगळंच दिसतं. दोन्हीकडे गळा माइकच्या जवळ आहे आणि वाद्यं अशी निवडलीत की मोठ्या खोलीवाचून त्यांचं काही अडत नाही. शिवाय आयलिशच्या अल्बमचं मिक्सिंग (सगळे ट्रॅक तोलून एकत्र करणं) आणि मास्टरिंग (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) या बहीणभावाने केलेलं नाही, ते वेगळ्या, त्याच कामात मुरलेल्या माणसांकडे गेलं. म्हणजे घरात जे उत्तम होऊ शकतं तेच घरात झालं आणि बाकीचं घराबाहेर.

आता खोलीकडे येऊ.

माइकला काय ऐकू येतं

तुम्ही गायलात की आवाज फक्त माइककडे जात नाही, तो चहूकडे पसरतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे एक मीटर जायला तीन मिलिसेकंद. तोंडापासून वीतभर अंतरावरच्या माइकपर्यंत तो अर्ध्याएक मिलिसेकंदात पोचतो. तोच आवाज समोरच्या, छताच्या, बाजूच्या भिंतींवर आपटून पाच, आठ, दहा मिलिसेकंदांनी परत त्याच माइकमध्ये शिरतो. प्रत्यक्ष खोलीत बसून ऐकताना आपल्याला हे जाणवत नाही, कारण मेंदू आधी आलेला आवाज खरा धरतो आणि इतक्या लगेच मागून आलेल्या प्रती त्यातच जमा करून टाकतो. माइकला ही निवड करता येत नाही. जे आलं ते सगळं तो नोंदवतो.

त्या प्रती नुसत्या ‘घुमल्यासारखं’ वाटण्यापुरत्या असत्या तर चाललं असतं. खरी अडचण पुढे आहे. मूळ आवाज आणि त्याची जरा उशिरा आलेली प्रत एकमेकींत मिसळली की काही सूर वाढतात आणि काही कापले जातात. समजा, परावर्तित आवाजाला ३४ सेंटीमीटर जास्त अंतर कापावं लागलं. म्हणजे तो एक मिलिसेकंद उशिरा आला. मग ५०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा डोलणाऱ्या सुराला, मूळ लाट वर असताना प्रत खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. तेच १५०० ला, तेच २५०० ला. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारख्या खाचा दिसतात, आणि कानाला आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो एका दुपारी. एका मैत्रिणीचं गाणं घरी भरत होतो. आवाज पोकळ येत होता. माइक बदलला, केबल बदलली, इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचं) दुसरं इनपुट घेतलं, ठरावीक सूर कमीजास्त करणारा इक्वलायझर लावून पाहिला. काही फरक नाही. तासाभराने ती पाणी प्यायला उठली आणि गाण्याचे शब्द लिहिलेला कागद ज्या स्टँडवर होता तो पत्र्याचा स्टँड तिने सहज जरा पलीकडे ढकलला. परत येऊन एक ओळ गायली, आणि आवाज भरलेला! तिच्या तोंडाखाली आडवा असलेला तो पत्रा आवाजाची नीट प्रत काढून माइककडे पाठवत होता. तेव्हापासून स्टँड जवळजवळ उभा ठेवतो आणि त्यावर टॉवेल टाकतो. त्या टॉवेलने माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जो फरक पडला, तो त्याआधी घेतलेल्या कुठल्याही वस्तूने पडला नव्हता.

खर्जाचं दुखणं

वरच्या सुरांचा बंदोबस्त टॉवेल, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनी बऱ्यापैकी होतो. खालच्या सुरांचा होत नाही, आणि घर व स्टुडिओ यांतलं खरं अंतर इथे आहे.

खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. १०० हर्ट्झची एक लाट सुमारे ३.४ मीटर लांब. घरातली खोली साधारण तेवढीच असते, त्यामुळे भिंतींच्या मध्ये काही ठरावीक लाटा अडकतात आणि जागच्या जागी डोलत राहतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर त्या दिशेची पहिली अशी लाट ५७ हर्ट्झच्या आसपास येते. बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला. म्हणजे जवळजवळ त्याच ठिकाणी. भिंतींपाशी हा सूर फुगतो आणि बरोबर मधोमध तो जवळपास नाहीसा होतो.

मग काय होतं पाहा. तुम्ही खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून मिक्सिंग करताय. बेसचा एक सूर कमी पडतोय असं वाटतं, म्हणून तो वाढवता. अजून कमी वाटतो, अजून वाढवता. गाणं तयार होतं, गाडीत लावता, आणि तो एकच सूर दणदणत दारं हलवतो. लोकांना वाटतं आपल्याला मिक्सिंग जमत नाही. जमत असतं, खोलीने चुकीची माहिती दिलेली असते आणि तुम्ही त्या माहितीला प्रामाणिकपणे प्रतिसाद दिलेला असतो. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण चांगला कान असलेली पोरं इथे हताश होऊन सोडून देतात.

स्वतः तपासायचं असेल तर सिग्नल जनरेटर म्हणून जी फुकट ॲप असतात त्यांतलं एखादं घ्या. स्पीकरवर बारीक आवाजात ४० पासून १२० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून लावा आणि खोलीत हळूहळू फिरा. स्पीकर मात्र तेवढा खाली वाजणारा हवा, फोनच्या स्पीकरवर हे कळणार नाही. काही पावलांवर सूर अंगावर येईल, दोन पावलं पुढे गेलात की गायब. सूर तोच, आवाज तेवढाच. पहिल्यांदा हे ऐकल्यावर मी थक्क झालो होतो.

आता त्या भिंतीवरच्या काळ्या फोमबद्दल. पाच सेंटीमीटर जाडीचा फोम वरचे सूर पितो, खालच्यांना जाऊ देतो. भिंतीला चिकटवलेल्या सच्छिद्र वस्तूने एखादा सूर नीट शोषायचा तर तिची जाडी त्या सुराच्या लाटेच्या पावभागाच्या जवळपास लागते. १००० हर्ट्झला ती होते साडेआठ सेंटीमीटर, आणि १०० हर्ट्झला तब्बल ८५. पावभागापेक्षा कमी जाडीनेही थोडं काम होतं, पण पातळ फोमने खर्ज आवरेल ही आशा सोडा. अंड्यांच्या ट्रेची तर गोष्टच नको, त्या पुठ्ठ्यात शोषण्यासारखं काही नसतं. चारही भिंती फोमने मढवल्या की वरचे सूर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात आणि खोली गुदमरलेली वाटते. त्यापेक्षा रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंपासून केलेल्या लोकरीचे) दहापंधरा सेंटीमीटर जाड मोजके पॅनेल कापडात नीट गुंडाळून, भिंतीपासून तेवढीच मोकळी जागा सोडून लावले आणि खोलीचे कोपरे आधी भरले, तर फरक ऐकू येतो. कोपरे आधी का? कारण सगळ्या दिशांच्या अडकलेल्या लाटांचा जोर तिथे एकवटतो.

स्टुडिओ बांधणारे हेच मोठ्या प्रमाणावर करतात. कापडी भिंतीमागे हातभर किंवा त्याहून जास्त खोलीचे सापळे असतात. समोरासमोरच्या भिंती अनेकदा मुद्दाम तिरक्या असतात. मागच्या भिंतीवर कमीजास्त खोलीच्या लाकडी खाचा असतात, त्या आवाज मारून न टाकता विखुरतात. आणि खोली मुळात मोठी असते. मोठ्या खोलीत अडकणाऱ्या पहिल्या लाटा आणखी खाली सरकतात आणि त्यांच्या पुढच्या लाटा इतक्या दाटीने येतात की एखादाच सूर उठून त्रास देत नाही. हा गुण विकत आणून घरात ठेवता येत नाही, कारण तो जागेचाच गुण आहे.

आवाज शोषणं वेगळं, अडवणं वेगळं

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. खोलीतला आवाज घुमू नये म्हणून जे करतो ते शोषणं. बाहेरचा हॉर्न आत येऊ नये, आतला ड्रम बाहेर जाऊ नये म्हणून करतो ते अडवणं. अडवायला वजन लागतं. ढोबळ हिशेबाने भिंतीचं वजन दुप्पट केलं तर सहाएक डेसिबलने आवाज कमी होतो. फोमला वजनच नसतं, त्यामुळे तो शेजाऱ्यांचं काही भलं करू शकत नाही. स्टुडिओत खोलीच्या आत दुसरी खोली बांधतात. आतली जमीन रबरावर किंवा स्प्रिंगवर, भिंती बाहेरच्या भिंतींना न टेकलेल्या, दारं दोन, आणि एसीचे पाइप रुंद, म्हणजे हवा संथ वाहील आणि सूं-सूं होणार नाही. दाराखाली बोटभर फट राहिली तरी यातलं बरंच वाया जातं.

घरी हे करायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी आपल्याकडे वेळ निवडायची मुभा असते. रस्ता झोपलेला असेल तेव्हा गा. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत सुरू करायची आठवण राहील. ही युक्ती या धंद्यात जुनी आहे आणि खरंच उपयोगी पडते.

माइक, इंटरफेस आणि बाकीची मंडळी

इथे घराने स्टुडिओला गाठलंय, म्हणून पटकन पुढे जातो. आजचा साधा इंटरफेससुद्धा २४ बिटमध्ये रेकॉर्ड करतो. कागदावर त्याचा पल्ला, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, १४४ डेसिबलचा. सीडीचा, १६ बिटचा, ९६. प्रत्यक्षात कुठलंही सर्किट १४४ पर्यंत पोचत नाही, पण घरातली शांत खोलीसुद्धा तिसाच्या आसपास डेसिबलची कुजबुज करत असते, त्यामुळे खरखर आली तर ती बहुधा खोलीची किंवा चुकीच्या गेनची, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घेतला त्याची. लाल दिवा लागेपर्यंत गेन चढवायची सवय टेपच्या काळातली. आता सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे दहा-बारा डेसिबलला राहू द्या. एकदा फाटलेला आवाज कशानेही शिवता येत नाही.

माइकबद्दल दोनच गोष्टी सांगतो. डायनॅमिक आणि कंडेन्सर हे माइकचे दोन प्रकार. ‘डायनॅमिक माइक खोली पकडत नाही, कंडेन्सर पकडतो’ हे अर्धसत्य आहे. खोली किती येणार हे ठरतं अंतरावर आणि माइक कुठल्या दिशेने ऐकतो त्यावर. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून बऱ्या नसलेल्या खोलीत माइकच्या जवळ या, दहापंधरा सेंटीमीटरवर, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) लावून. फार चिकटलात तर खर्ज फुगतो, तेवढं सांभाळा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि कमी सांगितली जाणारी. गाण्यासाठी वापरतात तो माइक बहुतेक वेळा कार्डिऑइड असतो, म्हणजे समोरचं ऐकतो, पाठीमागचं फारसं नाही. माइकच्या समोर कोण? गाणारा. आणि गाणाऱ्याच्या मागे? उघडी भिंत. माइक तोंड करून बघतोय त्या भिंतीकडे! लोक मात्र माइकच्या पाठीमागे अर्धगोल फोमची ढाल लावतात आणि गाणाऱ्याच्या मागची भिंत तशीच सोडतात. आधी जाड रजया तुमच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. ढाल त्यानंतर, पैसे उरले तर.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो ही तक्रारही नेहमीची. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने (सँपल) घेताना, २५६ सँपलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी जमवतो तो साठा) म्हणजे पाच मिलिसेकंदांहून थोडं जास्त, जाताना एकदा, येताना एकदा, वर यंत्राचा स्वतःचा वेळ. गाणाऱ्याला एवढंही खटकू शकतं. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर ते लावा, आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता सरळ कानात येतो.

काचेपलीकडचा माणूस

स्टुडिओत पैसे मोजतो ते खोलीसाठी असं मी आतापर्यंत सांगत आलो. त्यात भर घालायला हवी: रेकॉर्डिस्टसाठीसुद्धा.

घरी मीच गातो, मीच बटण दाबतो, मीच ऐकून ठरवतो की टेक बरा होता का. तिसाव्या टेकला कान बधिर झालेले असतात आणि सगळं सारखंच वाटतं. एकदा स्टुडिओत माझा वरचा सूर सारखा उतरत होता. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाले, ‘‘एक कान उघडा ठेवा.’’ हेडफोन एका बाजूने मागे सरकवला, त्यांनी ट्रॅकचा आवाज जरा कमी केला, आणि पुढच्या टेकला सूर बसला. घरी मी तो सूर सॉफ्टवेअरमध्ये ओढूनताणून वर आणला असता. मला कळलंच नसतं की दोष गळ्याचा नव्हता, मी स्वतःला ऐकूच शकत नव्हतो. चांगले रेकॉर्डिस्ट असं दिवसभर करत असतात आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत ते एका ओळीत उरकतं.

घराची ताकद याच्या बरोबर उलटी आहे. तिथे घड्याळ चालू नसतं. रात्री सहज गुणगुणलेल्या एखाद्या ओळीत जे येतं, ते तासाच्या हिशेबात उभं राहून पुन्हा आणता येत नाही. स्प्रिंगस्टीन यांच्या कॅसेटचं जे झालं ते यामुळेच, असं मला वाटतं. म्हणून घरचा टेक ‘कच्चा’ म्हणून पुसू नका. स्टुडिओत जातानाही तो सोबत न्या.

मग कुठे काय करायचं

गळा, जवळून घेतलेली गिटार, थेट वायरने येणारी इलेक्ट्रिक गिटार आणि बेस, कीबोर्ड, कॉम्प्युटरमधली वाद्यं: खुशाल घरी. ड्रम सेट स्टुडिओत. त्याला आठदहा माइक लागतात, ते एकमेकांच्या आवाजात नाक खुपसतात, आणि ड्रमचा निम्मा बाज खोलीतूनच येतो. पियानो, समूहगान, चारपाच व्हायोलिन एकत्र, हेही तिथेच, कारण या आवाजांना थोडी हवा लागते आणि घरातल्या खोलीत चांगली हवा नसते. मिक्सिंग घरी करायला हरकत नाही, फक्त खालच्या सुरांच्या बाबतीत एकट्या स्पीकरवर विश्वास ठेवू नका, हेडफोनवर ताडून पाहा. शिवाय बारीक आवाजात काम करा. आवाज वाढवला की कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त वाटायला लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. मास्टरिंग शक्यतो दुसऱ्याला द्या, ज्याने ते गाणं शंभरदा ऐकलेलं नाही अशा माणसाला.

स्टुडिओत जायच्या आधी घरी भरलेले सगळे ट्रॅक एकाच शून्य बिंदूपासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली करून न्या, २४ बिटच्या, सगळ्यांचा सँपल रेट एकच, गाण्याची लय आकड्यात लिहिलेली. हे नसेल तर पहिला तास जुळवाजुळवीत जातो.

आणि तिथे गेल्यावर, काम सुरू व्हायच्या आधी, रेकॉर्डिस्टना विनंती करून तुम्हाला पाठ असलेलं एखादं गाणं त्यांच्या स्पीकरवर ऐका. त्यांच्या खुर्चीत बसून. कुठला सूर किती आहे ते कागदावर टिपून ठेवा. घरी परतल्यावर तेच गाणं, तेवढ्याच आवाजात, आपल्या खुर्चीत बसून पुन्हा लावा. दोन्हींत जिथे जिथे तफावत येईल, ती तुमची खोली. माझ्या टेबलासमोर गेली कित्येक वर्षं असा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वरून दुसरी ओळ अशी: ‘बेसची ए तार इथे ऐकू येत नाही. दारापाशी जाऊन ऐक.’